एक फोटो आणि तीन हंगाम

(द्वितीय वर्ष कला)

आमच्यासारख्या घरांतल्या माणसांचे फोटो केव्हा काढले जातात, याची मी एकदा यादी केली. रेशनकार्डासाठी, मतदार ओळखपत्रासाठी, आधारकार्डासाठी, बँकेच्या पासबुकासाठी, रोजगार हमीच्या जॉबकार्डासाठी. मग लग्नात. आणि अगदी शेवटी, माणूस निघून गेला की यांतलाच एखादा फोटो मोठा करून आणतात आणि त्याला हार घालतात. म्हणजे जन्मभरात माणूस जो काही कॅमेऱ्यासमोर उभा राहिला, तो बहुधा सरकारला त्याची ओळख पटावी म्हणून. त्या फोटोत हसायचे नसते, पदर कानामागे घ्यायचा असतो आणि पाठीमागे पांढरा पडदा असतो. त्या पडद्यामागे ते माणूस दिवसभर काय करते, हे त्या फोटोला ठाऊक नसते.

मोबाइल आल्यापासून दिवस पालटले, असे कोणी म्हणेल. ते खरेही आहे. आमच्या नशिराबादेतही आता हळदीचे, वाढदिवसाचे, गणपतीचे फोटो ढिगाने निघतात. पण त्या ढिगात मला एक गोष्ट कधी सापडली नाही. माझी आई, मला कळते तेव्हापासून, दुसऱ्याच्या शेतात निंदणी करते, कापूस वेचते, मिळेल ते काम करते. वर्षातले निम्म्याहून अधिक दिवस तिचे असे जातात. या कामाचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. तिचा हळदीकुंकवाचा फोटो आहे, माझ्या दहावीच्या निकालाचे पेढे वाटतानाचा आहे. ज्या कामावर आमचे घर उभे आहे, त्या कामाचा नाही. शेजारच्या चार घरांत चौकशी केली, तर तिथेही तेच.

जुन्या इंग्रजी गॅझेटियरात नशिराबादच्या काचेच्या बांगड्यांचा उल्लेख आहे. गाव त्यासाठी ओळखले जाई. पण त्या भट्टीपुढे बसणारा माणूस कसा दिसे, त्याच्या घरातल्या बायका त्या कामात कोणता वाटा उचलीत, हे मला गावात कोणी दाखवू शकले नाही. धंद्याचे नाव छापून राहिले, माणसे राहिली नाहीत. आज भारतात जवळजवळ सगळा कापूस हातानेच वेचला जातो. अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात ते काम यंत्रे करतात. उद्या आपल्याकडेही यंत्र येईल. त्याचे मला दुःख होणार नाही, कारण त्या दिवशी पुष्कळ बायकांची पाठ सुटेल. मात्र तो दिवस येण्यापूर्वी हे काम कोणी तरी नीट पाहून ठेवले पाहिजे, असे मला वाटू लागले. ते दुसऱ्या कोणी करावे, याची वाट पाहण्यापेक्षा ज्या घरात हे काम आहे त्याच घरातल्या मुलीने केलेले बरे, असेही वाटले. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिकलेल्या माणसाने घरासाठी काय करावे, याचे एक उत्तर नोकरी हे आहेच. दुसरे उत्तर हे असू शकते.

कापसाचे फोटो तसे दरवर्षी वर्तमानपत्रात येतात. हंगामाच्या तोंडावर एक हसरी बाई, तिच्या ओंजळीत कापूस, आणि खाली ‘पांढरे सोने’ अशी ओळ. भाव पडले की त्याच कापसाच्या ढिगावर कपाळाला हात लावून बसलेला शेतकरी. हे फोटो खोटे नसतात. परंतु त्यांत काढणारा एकदाच आलेला असतो, आणि एकदा आलेल्या माणसाला जे दिसायचे तेवढेच त्यांत दिसते. बाईचे नाव बहुधा नसते. ती आदल्या दिवशी कुठे होती आणि दुसऱ्या दिवशी कुठे जाईल, हा प्रश्न त्या चौकटीच्या बाहेर राहतो.

याचे सगळ्यांत मोठे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. १९३६ सालच्या मार्च महिन्यात डोरोथिया लँग ही छायाचित्रकार सरकारी खात्यासाठी फोटो काढीत कॅलिफोर्नियातल्या निपोमो या ठिकाणी मजुरांच्या तळावर थांबली. ते मजूर मटारच्या शेंगा तोडणारे होते आणि गारठ्याने पीक गेलेले होते. तिथे एका तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या बत्तीस वर्षांच्या बाईचे तिने थोड्या वेळात मोजकेच फोटो काढले. त्यांतला एक ‘मायग्रंट मदर’ या नावाने जगभर गाजला. फोटो छापून आल्यावर त्या तळावर अन्नाची मदतही पोहोचली. तोवर ती बाई तिथून पुढे निघून गेली होती. तिचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन, हे लोकांना कळले ते १९७८ साली, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. तेव्हा तिने आपली नाराजी बोलून दाखवली. तिच्या चेहऱ्याने मंदीच्या काळाची गोष्ट साऱ्या जगाला सांगितली. तिची स्वतःची गोष्ट मात्र कोणी विचारली नव्हती. लँग मोठ्या योग्यतेची छायाचित्रकार होती, माणसांविषयी तिला कळवळा होता, हे तिचे इतर काम पाहिले की पटते. तरीही एका थांब्यात जे होऊ शकत नाही, ते होऊ शकत नाही.

मग दुसरी रीत कोणती? तिला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. मराठीत मी तिला ‘पुन्हा पुन्हा जाण्याची रीत’ म्हणते. एक विषय घ्यायचा, तोही आवाक्यातला. एक गाव, एक वस्ती, एक काम, एक कुटुंब. तिथे महिनोन् महिने, जमल्यास वर्षानुवर्षे जात राहायचे. फोटोंबरोबर टिपणे ठेवायची. शेवटी त्या पुष्कळ फोटोंतून थोडे निवडून असे क्रमाने लावायचे की पाहणाऱ्याला त्यांतून गोष्ट कळावी. कथालेखक शब्दांनी करतो ते इथे फोटोंच्या क्रमाने करायचे असते. फरक इतकाच की कथालेखकाला पात्रे घरबसल्या मिळतात. इथे पात्रांच्या दारी जावे लागते, आणि ती ‘आज नको’ म्हणाली तर परत यावे लागते.

या रीतीतला मला सर्वांत जवळचा वाटलेला माणूस म्हणजे मिल्टन रोगोविन. हा अमेरिकेतल्या बफेलो शहरात डोळे तपासून चष्मे देण्याचा व्यवसाय करी. १९५७ साली त्याच्या डाव्या विचारांबद्दल सरकारी समितीपुढे त्याला बोलावण्यात आले आणि त्याच्या व्यवसायाला मोठा फटका बसला. पुढे तो फोटोंकडे अधिक वळला. १९७२ च्या सुमारास त्याने शहराच्या लोअर वेस्ट साइड या गरीब भागात माणसांचे फोटो काढायला सुरुवात केली. कोणी कसे उभे राहायचे, कुठे बसायचे, हे तो त्या माणसांवरच सोपवी, आणि काढलेल्या फोटोची प्रत त्यांना नेऊन देई. १९८० च्या दशकात तो पुन्हा त्याच घरांत गेला. १९९० च्या दशकात पुन्हा. २००० नंतर, नव्वदी ओलांडल्यावर, चौथ्यांदा गेला. एकाच कुटुंबाचे चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की तीस वर्षे डोळ्यांपुढून सरकतात. पहिल्या फोटोतले कडेवरचे मूल चौथ्या फोटोत स्वतःचे मूल घेऊन उभे असते. कुठे एखादी जागा रिकामी झालेली असते. खाली मजकुराची गरज लागत नाही. २०११ साली वयाच्या १०१ व्या वर्षी रोगोविन वारला.

आपल्या जिल्ह्याचा विचार केला तर छायाचित्रकार म्हणून चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस प्रथम आठवतात. विलायतेत शिकून आलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या आपल्या घरात जवळजवळ एकांतात राहिला आणि १९८९ च्या अखेरीस तिथेच वारला. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडून ते डोंगर, घरे, बर्फ यांचा भास निर्माण करीत. त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे. त्यांच्या कलेची वाट माझ्या वाटेच्या अगदी उलट दिशेला जाते. ते जगाला टेबलावर आणीत, मला बांधावर जायचे आहे. पण एका जागी इतकी वर्षे चिकटून राहण्याचे बळ खानदेशातल्या माणसाने दाखवले आहे, ही गोष्ट मला धीर देते.

आणि माझ्या वाटेवर महाराष्ट्रातला जो माणूस पुढे गेलेला आहे, तो म्हणजे सुधारक ओलवे. मूळचे अकोल्याचे. १९८८ पासून मुंबईत वृत्तपत्र छायाचित्रकार म्हणून काम करू लागले. रोज एका जागी धावत जाऊन, एक फोटो घेऊन परत येणे हा त्यांच्या पोटाचा धंदा. अशा माणसाने १९९० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई महानगरपालिकेचे सफाई कामगार हा विषय हाती घेतला आणि वर्षानुवर्षे सोडला नाही. गटारात छातीइतके उतरलेले कामगार, कचऱ्याच्या ढिगावर उभे असलेले कामगार हे त्यांच्या कृष्णधवल फोटोंत आहेतच. पण ते तिथेच थांबले असते तर आपण नाक मुरडून किंवा हळहळून पुढे गेलो असतो. ते त्या कामगारांबरोबर त्यांच्या घरी गेले. एका खोलीत मांडलेला संसार, दारूने खचलेली माणसे, नवरा गेल्यावर त्याच्या जागी झाडू हातात घेणाऱ्या बायका, हे सगळे त्यांनी दाखवले. त्यामुळे गटारातला तो माणूस कोणाचा तरी बाप आणि कोणाचा तरी नवरा आहे, हे आपल्याला विसरता येत नाही. हे काम करणारे बहुतेक सगळे दलित समाजातले का, हा प्रश्न ते फोटो शब्दाविना विचारतात. २००५ साली या कामाला नॅशनल जिऑग्राफिक संस्थेचा पुरस्कार मिळाला, २०१३ साली त्याचे पुस्तक झाले, २०१६ साली ओलवे यांना पद्मश्री मिळाली. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा नवा कायदाही २०१३ चाच. तरी गटारात गुदमरून मेलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. फोटोने जग बदलते असे मी म्हणणार नाही. पण ‘आम्हांला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय तो काढून घेतो.

आता माझ्या कामाविषयी. माझ्याजवळ कॅमेरा नाही, मोबाइल आहे, आणि त्याच्या काचेला एक तडा गेलेला आहे. सुदैवाने तो तडा कॅमेऱ्याच्या बाजूला नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास, प्रथम वर्षाला असताना, मी आईच्या टोळीबरोबर जायला लागले. टोळीत अकरा बायका. बहुतेकींना मी मावशी म्हणते, दोघींना आजी. लहानपणापासून त्यांच्या हातची भाकरी खाल्लेली असल्यामुळे ओळख करून घेण्याचा प्रश्न नव्हता. पण कॅमेरा हातात घेतला की ओळखीचे माणूसही थोडे परके होते. पहिल्याच दिवशी एक मावशी म्हणाल्या, “ह्या कपड्यावर नको वं माय. दिवाळीले नवी साडी नेसली का मंग काढजो.” साडीवर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला घट्ट गुंडाळलेले फडके, कमरेला बांधलेली ओटी, हा त्यांचा कामाचा वेश. तो मला सुंदर वाटत होता आणि त्यांना लाजिरवाणा. मी फोटो काढला नाही. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या अंगणात जाऊन नव्या साडीतला काढला, जळगावहून त्याची प्रिंट आणून दिली. ती त्यांच्या घरात आरशाशेजारी लागली. त्यानंतर तीन आठवड्यांनी त्या स्वतःच म्हणाल्या की आता शेतातलाही काढ.

म्हणून मी हे काम दोन वह्यांत चालवते. एका वहीत तारीख, शिवार, पिकाची अवस्था, त्या दिवशी कोण काय बोलले, हे लिहिते. दुसऱ्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे तीन खुणा आहेत: फोटो काढला तर चालेल, काढला तरी बाहेर दाखवू नये, आणि प्रत्येक वेळी विचारावे. या खुणा बदलू शकतात आणि बदलतात. घरी कोणी आजारी असले, कोणाचे सासरी बिनसले, की त्या महिन्यात खूण बदलते. ही वही ठेवल्यापासून मला एक कळले. बायका फोटोला कंटाळत नाहीत, न विचारता काढलेल्या फोटोला कंटाळतात.

विषयाला वेळापत्रक शेताने दिले. उन्हाळ्याच्या अखेरीस ठिबकच्या नळ्या अंथरून सरकी टोचायची. पावसात निंदणी, खत, पुन्हा निंदणी. दसरा-दिवाळीला पहिली वेचणी, मग दुसरी, तिसरी. मग कोणी फरदड ठेवतो, कोणी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाटी उपटून टाकतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात जो हाहाकार केला, त्यानंतर फरदड घेऊ नका असे कृषिखाते सांगत आले आहे. फरदड राहिली नाही की वेचणीचे काही आठवडे कमी होतात, आणि ते आठवडे कोणाच्या चुलीतून कमी होतात हे शेतीच्या पुस्तकात लिहिलेले नसते. एकदाच फोटो काढायला येणारा माणूस वेचणीला येतो, कारण तेव्हा शेत पांढरे असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, शेत काळे झाल्यावर, त्या बायका काम शोधत कुठे जातात, हे पाहायला पुन्हा यावे लागते.

सुरुवातीला माझ्या मनात हातांची गोष्ट होती. वाळलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला टोचतात. जानेवारीतले हात ऑक्टोबरातल्या हातांहून निराळे दिसतात. हातांचे पुष्कळ फोटो झाले. पहिला हंगाम संपल्यावर सगळे फोटो एकत्र पाहिले, तेव्हा त्यांतून एक निराळीच गोष्ट वर आली. वेगवेगळ्या शेतांत, वेगवेगळ्या दिवशी, वजनाच्या वेळी काढलेल्या सगळ्या फोटोंत सगळ्या बायका एकाच ठिकाणी पाहत होत्या, काट्याकडे. दिवसभर एकमेकींशी बोलणाऱ्या, हसणाऱ्या, भांडणाऱ्या बायका त्या वेळी गप्प असतात. वेचणीची मजुरी किलोवर असते. सकाळपासून वाकलेली पाठ शेवटी काट्यावरच्या दोन-तीन आकड्यांत उतरते. माझ्या आईला अक्षरे येत नाहीत, आकडे येतात. ते तिला काट्याने शिकवले. एका आजींना मी विचारले की तुम्हांला कशाचा फोटो हवा, तर त्या लगेच म्हणाल्या, “काट्याचा काढ वं. आकडा दिसला पाह्यजे बरं का.” अशा रीतीने विषय मी निवडला, पण त्याने पुढची वाट आपण होऊन दाखवली. ही सवड एका दिवसाच्या फोटोत मिळत नाही.

पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण बायकांच्या कामाचे फोटो काढले. त्यांच्या प्रदर्शनाच्या नावाचा आशय असा की काम दिसते, पण ते करणारी बाई दिसत नाही. ते प्रदर्शन शहरातल्या कलादालनांपुरते न ठेवता गावोगावी, लोक येता-जाता पाहतील अशा ठिकाणी नेण्यात आले. हे वाचल्यावर मी ठरवले की माझे फोटो प्रथम टोळीने पाहावेत. ३४० फोटोंतून बासष्ट निवडले आणि त्यांच्या छोट्या प्रिंट काढल्या. एका दुपारी आमच्या ओट्यावर त्या पसरल्या आणि मावश्यांना म्हटले, तुम्हीच लावा, आधी कोणता, मग कोणता.

मी मनाशी क्रम धरला होता: शेत, हात, ओटी, गाठोडे, काटा. त्यांनी पहिला ठेवला तो पहाटे चारच्या चुलीचा. त्याच्यापुढे झोपलेल्या पोराच्या उशाशी झाकून ठेवलेल्या भाकरीचा. त्याच्यापुढे अ‍ॅपेरिक्षात दाटीने बसलेल्या अकरा जणींचा. शेत आले ते सातव्या फोटोला. काट्यानंतर माझ्या लेखी गोष्ट संपत होती. त्यांनी काट्यापुढे आणखी पाच फोटो ठेवले. दुकानातली उधारीची वही, हापशावरचे भांडे, पुन्हा चूल. मी म्हटले, हे तर कापसाचे नाहीत. त्यावर एक मावशी म्हणाल्या की ह्याच्याशिवाय कापूस वेचला जातो का? मला उत्तर सुचले नाही. अर्थशास्त्राच्या तासाला घरकामाची किंमत राष्ट्रीय उत्पन्नात धरली जात नाही असे शिकले होते. त्या वाक्याचा अर्थ मला ओट्यावर कळला. तोच क्रम आता कायम ठेवला आहे.

हे काम करताना मला बहिणाबाई वारंवार आठवतात. आसोदे हे त्यांचे माहेर आमच्या गावापासून दूर नाही. त्यांना लिहिता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेल्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरच्यांनी टिपून ठेवल्या, म्हणून १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक निघू शकले. आईच्या मुखातले लेकाने लिहून घेतले नसते, तर खानदेशाला बहिणाबाई मिळाल्या नसत्या. शिकलेल्या पहिल्या पिढीचे काम काय, याचा याहून चांगला धडा मला ठाऊक नाही. मात्र एक फरक आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. ओवी बहिणाबाईंची होती. लेकाच्या हाती फक्त लेखणी होती. फोटोत चेहरा आईचा असतो, पण कुठून पाहायचे, केव्हा बोट दाबायचे, कोणता फोटो ठेवायचा हे माझ्या हाती असते. जे दुसऱ्याचे आहे ते माझ्या नजरेतून जाते. म्हणून विचारण्याची जबाबदारी लिहून घेणाऱ्यापेक्षा फोटो काढणाऱ्यावर अधिक आहे.

या लेखासोबत एकही फोटो नाही, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. संपादक मंडळाने तीन-चार फोटो मागितले होते आणि चांगल्या कागदावर छापण्याची तयारीही दाखवली होती. मी घरी विचारले. आईने प्रिंट हातात घेतली, सदरा घातलेली, फडके बांधलेली, ओटीने फुगलेली स्वतःची आकृती बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “तुह्या कॉलेजात हे कोन कोन पाहतीन?” मी सांगितले: सर, मॅडम, मैत्रिणी, इतर मुले. ती म्हणाली, थांब अजून. ती फोटोला लाजली नाही. कॉलेजात मला कोणी कमी लेखील, ही तिची काळजी होती. ती काळजी चुकीची आहे असे मी तिला अजून छातीठोकपणे सांगू शकलेले नाही, कारण ते माझ्या एकटीच्या हाती नाही. ते हा अंक वाचणाऱ्यांच्या हाती आहे. टोळीतल्या इतर दोघींनी होकार दिला होता. पण त्यांच्याच क्रमात आईच्या फोटोंची जागा रिकामी ठेवून बाकीचे छापणे मला बरे वाटले नाही.

कुणाला असे काम करायचे असेल तर महागडा कॅमेरा लागतो, हा समज मनातून काढून टाकावा. लागते ते असे. जिथे आठवड्यातून एकदा पायी जाता येईल असा विषय. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतले एखादे कुटुंब, रावेर-यावलकडची केळीची कटाई, जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवणारे कारागीर, आपल्या वस्तीतले रस्त्यामुळे हललेले दुकान, काहीही चालेल. एक वही. विचारण्याची सवय आणि नकार ऐकून परत येण्याची तयारी. काढलेल्या फोटोंची दुसरी प्रत कुठे तरी सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था. माझी प्रत आमच्या एका सरांच्या संगणकावर असते. प्रिंट काढून माणसांच्या हातात देण्यापुरते पैसे, आणि ते नसतील तर थोडे कमी फोटो. सर्वांत जास्त लागतो तो वेळ, आणि कॉलेजातल्या मुलांजवळ दुसरे काही नसले तरी तीन वर्षे असतात.

माझा दुसरा हंगाम आता संपत आला आहे. तिसरा संपेल तेव्हा माझी पदवीची परीक्षा जवळ आलेली असेल. तोवर टोळीतल्या एका आजींनी काम सोडलेले असेल. गुडघे आता साथ देत नाहीत, असे त्या म्हणतात. एकीची मुलगी यंदा प्रथमच आईबरोबर वेचणीला आली. ती दहावीत आहे. पुढच्या वर्षी ती अ‍ॅपेरिक्षात बसलेली दिसते की कॉलेजच्या एस. टी. त, हे मला ठाऊक नाही, आणि या कामातला मला सर्वांत जास्त वाटणारा प्रश्न सध्या तोच आहे. तिसऱ्या हंगामानंतर हे फोटो, ज्यांची परवानगी असेल तेवढेच, आमच्या गावातल्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून लावायचे असे टोळीचे ठरले आहे. तारीख त्या ठरवणार आहेत, कारण सुट्टी त्यांना घ्यावी लागेल. तुम्हां सर्वांना आतापासूनच निमंत्रण आहे. जळगावहून भुसावळकडे जाणारी बस नशिराबादला थांबते.